पहिला गेमिंग संगणक : काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

ग्रँट रोड स्थानकातून पूर्वेकडे बाहेर पडून चालू लागले, की थोड्याच वेळात लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी संगणकाचे सुटे भाग घ्यायला निघालेला मुंबईकर आजही 'लॅमिंग्टनला जातो'. शनिवारी दुपारी येथील कोणत्याही दुकानासमोर उभे राहिल्यास एक जोडी हमखास दिसते. महाविद्यालयात जाणारा मुलगा आणि त्याचे वडील. मुलाच्या फोनवर सुट्या भागांची यादी असते, वडिलांच्या मनात एक आकडा असतो. यादी आणि आकडा यांचा मेळ बसत नाही, तेव्हा दुकानदार मदतीला धावून येतो आणि म्हणतो, "कॅबिनेट हे घ्या साहेब, सोबत पाचशे वॉटचा एसएमपीएस फ्री आहे."

पुढे होणाऱ्या नुकसानीची सुरुवात पुष्कळदा या एका वाक्यातून होते. कमी पैशांत पहिला गेमिंग संगणक जुळविणाऱ्याने प्रत्येक भागाविषयी दोन प्रश्न विचारावेत. हा भाग दोन वर्षांनी सहज बदलता येईल काय? आणि तो बिघडला, तर आपल्यासोबत आणखी कशाकशाला घेऊन जाईल? पहिल्याचे उत्तर 'होय' असेल तेथे आज हात आखडता घेण्यास हरकत नाही. दुसऱ्याचे उत्तर 'सगळ्यांना' असे असेल तेथे मात्र शंभर रुपयेही वाचवू नयेत.

आधी पडदा ठरवावा

खरेदीची सुरुवात बहुतेक जण प्रोसेसरपासून करतात. वस्तुतः ती मॉनिटरपासून करावयास हवी, कारण ग्राफिक्स कार्डाला किती काम पडणार हे पडदा ठरवितो. १९२० गुणिले १०८० या नेहमीच्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, २५६० गुणिले १४४० वर ते ३७ लाख होतात आणि 'फोर-के' म्हणून विकल्या जाणाऱ्या पडद्यावर ८३ लाखांच्या आसपास जातात. खेळ सुरू असताना हे सर्व ठिपके सेकंदाला किमान साठ वेळा नव्याने रंगवायचे असतात. म्हणजे पडदा एक पायरी वर नेला, की कार्डावरचा खर्चही वर जातो. मर्यादित रकमेत १०८० चाच पडदा घ्यावा. मात्र तो १४४ हर्ट्झचा किंवा त्याहून अधिक वेगाचा मिळत असल्यास थोडे जास्त पैसे देण्यास हरकत नाही. साठ हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झवर सात. नेमबाजीच्या खेळात हा फरक नवख्यालाही जाणवतो.

कोणते खेळ खेळायचे हेही आधीच स्वतःशी स्पष्ट करावे. 'व्हॅलोरंट'सारखा २०२० मध्ये आलेला खेळ अगदी साध्या संगणकावरही धावतो. 'काउंटर-स्ट्राइक २' हा प्रोसेसरची परीक्षा अधिक घेतो, तर 'सायबरपंक २०७७' ग्राफिक्स कार्डाची. मुलगा रोज संध्याकाळी मित्रांबरोबर व्हॅलोरंटच खेळणार असेल, तर यादीतील अर्ध्या वस्तूंची त्याला आवश्यकता नाही. हे त्याला पटविणे हा अर्थातच वेगळा विषय आहे.

पैशांचे वाटप

मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस वगळून केवळ पेटीसाठी साठ हजार रुपये हाताशी आहेत असे समजू. त्यांपैकी २२ ते २४ हजार ग्राफिक्स कार्डासाठी, १७ ते १८ हजार प्रोसेसर व मदरबोर्ड मिळून, १२ ते १४ हजार मेमरी आणि साठवणुकीच्या एसएसडीसाठी, चार हजार एसएमपीएससाठी आणि उरलेले कॅबिनेटसाठी ठेवावेत. ही बाजारातील किंमतपत्रिका नव्हे, भाव दर आठवड्याला हलतात. कोणता भाग दुसऱ्याच्या वाट्यात शिरकाव करू लागला आहे, हे कळावे एवढ्यासाठीच हे वाटप. नवखे खरेदीदार प्रोसेसर आणि दिव्यांनी लखलखणारे कॅबिनेट यांवर भरमसाट खर्च करतात आणि कार्डापाशी पोहोचेपर्यंत खिसा रिकामा होतो. खेळासाठी घेतलेल्या संगणकात हे उलटे गणित ठरते.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत ग्राहकाची बरीच ओढाताण झाली. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीतील टंचाई आणि आभासी चलनाच्या 'मायनिंग'साठी झालेली खरेदी यांमुळे कार्डे मिळेनाशी झाली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि मायनिंगसाठी कार्डांची गरज संपली. त्यानंतर हजारो वापरलेली कार्डे बाजारात आली. आजही जुने कार्ड स्वस्तात मिळते आणि ते मोहात पाडते. ते घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' (डिसेंबर २०२४) आणि 'डूम : द डार्क एजेस' (मे २०२५) यांसारखे नवे खेळ 'रे ट्रेसिंग'ची सोय असलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत. त्यामुळे एके काळी लोकप्रिय असलेली जीटीएक्स १६६० किंवा आरएक्स ५८० ही कार्डे कितीही स्वस्त मिळाली, तरी त्यांचे आयुष्य आता थोडे उरले आहे. कमी किमतीत एएमडीचे आरएक्स ६६०० (२०२१) हे या दृष्टीने किमान पायरी मानावे. त्यावर एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०, एएमडीचे आरएक्स ७६०० किंवा ९०६० एक्सटी आणि इंटेलचे आर्क बी५८० असे पर्याय येतात. पैकी बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी असते, पण ते घेताना मदरबोर्डमध्ये 'रिसायझेबल बार' ही सोय चालू असणे आवश्यक आहे. जुन्या संगणकात ते बसविणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

खोक्यावर दिलेल्या आकड्यांपासूनही सावध राहावे. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्डाने स्वतः तयार केलेली चित्रे मिळवून सेकंदाची संख्या दुप्पट-तिप्पट दाखविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. पडद्यावरील हालचाल त्यामुळे मऊ दिसते हे खरे. पण माउस हलविल्यापासून खेळाने प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही. मुळात वेग कमी असेल, तर ही क्लृप्ती फारशी कामाची नाही.

प्रोसेसरविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १०८० च्या पडद्यासाठी सहा गाभ्यांचा प्रोसेसर पुरेसा होतो. एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ, दोन्ही २०२२ मधील असूनही या कामाला उत्तम आहेत. इंटेलच्या नावातील 'एफ' या अक्षराचा अर्थ लक्षात ठेवावा. त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नसते. ग्राफिक्स कार्ड नसेल किंवा बिघडले, तर पडदा काळाच राहतो. साध्या रायझन ५ ५६०० चेही तसेच. खरा पेच आहे तो मदरबोर्डचा. एएमडीची एएम४ बैठक स्वस्त आहे, पण तिची वाढ थांबली आहे. २०२२ मध्ये आलेली एएम५ महाग आहे, मात्र तिच्यावर पुढील पिढ्यांचे प्रोसेसर बसविता येतात. 'नंतर बदलता येईल काय' हा प्रश्न येथे विचारला, तर उत्तर एएम५ च्या बाजूने झुकते. परंतु एएम५ ला डीडीआर५ मेमरीच लागते आणि तेथेच सध्या घोडे अडते.

मेमरीचा महागलेला बाजार

२०२५ च्या उत्तरार्धात मेमरीच्या किमती काही महिन्यांत दुपटीहून वर गेल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या अवाढव्य संगणक केंद्रांना लागणारी मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन याच तीन कंपन्या प्रामुख्याने बनवितात. तिच्यात नफा अधिक असल्याने घरगुती ग्राहकाचा क्रमांक मागे पडला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशल' या नावाने किरकोळ ग्राहकांना होणारी विक्रीच बंद करण्याचे जाहीर केले. चार वर्षांपूर्वीच्या सल्ल्यांत 'मेमरी काय, स्वस्तच असते' असे वाचावयास मिळते. ते आता विसरावे. जुन्या संगणकातील डीडीआर४ च्या पट्ट्या घरात किंवा मित्राकडे पडून असतील, तर त्या जपून ठेवण्याजोग्या आहेत आणि केवळ त्यांच्या आधारावर एएम४ किंवा डीडीआर४ चा इंटेल मदरबोर्ड निवडणे आजच्या घडीला पूर्ण समर्थनीय ठरते.

नवी मेमरी घ्यायची असल्यास १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माहितीची ने-आण होत असल्याने वेग वाढतो. एसएसडी घेताना 'एनव्हीएमई' असे नीट वाचून घ्यावे, कारण त्याच आकाराच्या, दिसावयास सारख्याच, पण कितीतरी संथ अशा साटा प्रकारच्या एसएसडीही दुकानात असतात. शंभर जीबीहून मोठे खेळ आता नवलाचे राहिलेले नाहीत. तरीही पैसे अपुरे पडत असतील, तर आज ५०० जीबीवर भागवून पुढील वर्षी दुसरी एसएसडी जोडता येते. काटकसरीची योग्य जागा ती ही.

आणखी एक वाट आहे, तिचा विचार अनेक जण करीत नाहीत. रायझन ५ ५६००जी किंवा एएम५ वरील ८६००जी यांसारख्या प्रोसेसरमध्ये बऱ्यापैकी ग्राफिक्स अंगभूतच असते. त्यावर व्हॅलोरंट आणि जुने खेळ व्यवस्थित चालतात. संगणक आज जुळवावा, अभ्यास आणि हलके खेळ सुरू करावेत आणि ग्राफिक्स कार्ड सहा-आठ महिन्यांनी घ्यावे. कर्जाच्या हप्त्यांपेक्षा हे हप्ते बरे. मात्र ५६००जीची अंतर्गत मेमरी साध्या ५६०० हून कमी असते. पुढे कार्ड बसविल्यावर तो थोडा मागे राहतो, हे ठाऊक असावे. आणि या वाटेने जाणाऱ्याने मेमरीच्या दोन पट्ट्या घेणे केवळ इष्ट नव्हे, आवश्यकच आहे.

फुकटचा एसएमपीएस

प्रस्तुत लेखकाने २००४ साली जुळविलेल्या पहिल्या संगणकात कॅबिनेटसोबत आलेलाच एसएमपीएस होता. त्यावर '४५० वॉट' असे ठळक छापलेले होते. जूनमधील एका संध्याकाळी पाऊस सुरू झाला, वीज गेली, आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा पेटीतून फट् असा आवाज झाला आणि खोलीभर करपल्याचा वास पसरला. दुकानदाराने एसएमपीएस हसतमुखाने बदलून दिला, त्याची किंमत ती काय होती! पण जाताना त्याने मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही नेली होती. मदरबोर्डवर करपल्याची खूण असल्याने तो वॉरंटीत बसत नाही, असे सेवा केंद्रात सांगण्यात आले. वर्षभर साठवलेल्या पैशांतील निम्मे गेले. हार्ड डिस्कमध्ये बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे होती, ती कायमची गेली.

घरात येणारी २३० व्होल्टची वीज संगणकाला मानवेल अशा १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतरित करणे हे एसएमपीएसचे काम. पेटीतील प्रत्येक भाग त्याच्याशी तारेने किंवा मदरबोर्डमार्फत जोडलेला असतो. म्हणूनच तो बिघडला, तर एकटा जात नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये दाब वाढल्यास किंवा तारा एकत्र आल्यास स्वतःहून बंद पडण्याची व्यवस्था असते. फुकट मिळणाऱ्यात ती बहुधा नसते किंवा नावापुरती असते.

त्याची पारख करण्याचा एक सोपा उपाय आहे. मोठ्या अक्षरांतील वॉटकडे न पाहता बाजूच्या तक्त्यातील १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही खादाड मंडळी १२ व्होल्टवरच जगतात. '५०० वॉट' लिहिलेल्या पेटीवर १२ व्होल्टला १८ अँपिअर असतील, तर प्रत्यक्षात उपयोगी पडणारी शक्ती २१६ वॉटच भरते. ५५० वॉटच्या प्रामाणिक एसएमपीएसवर हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास असतो. '८० प्लस' हे चिन्ह वीज किती वाया जाते एवढेच सांगते, संरक्षणाची हमी देत नाही. तरीही ते अजिबात नसलेला एसएमपीएस घेऊ नये. नामवंत कंपनीचा, किमान पाच वर्षांची वॉरंटी असलेला निवडावा.

एवढ्या मोठ्या क्षमतेची गरज काय, असा प्रश्न वडिलांना पडतो आणि तो रास्त आहे. रायझन ५ ५६०० पूर्ण भारावरही ९० वॉटच्या आत राहतो, आरएक्स ६६०० चे १३२ वॉट, उरलेल्या साऱ्याचे चाळीस-पन्नास. एकूण २७० च्या आसपास. म्हणजे चांगला ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस पुरतो. ७५० किंवा ८५० वॉटचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्याकडे दुर्लक्ष करावे. संख्या कमी चालेल, प्रत कमी चालणार नाही.

याच ओघात अर्थिंगचा उल्लेख करावयास हवा. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन छिद्रांचे सॉकेट दिसते, पण त्यातील तिसरी तार कोठेही जोडलेली नसते. संगणकाच्या कॅबिनेटला हात लावल्यावर बोटांना मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर एसएमपीएसला दोष देण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. यूपीएस घ्यायचा असल्यास 'व्हीए' आणि वॉट यांत गल्लत करू नये. ६०० व्हीएचा यूपीएस साधारणतः ३६० वॉटपर्यंतच भार पेलतो. वर हिशेब केलेला संगणक आणि मॉनिटर त्यात जेमतेम बसतात. त्याचा उपयोग खेळ जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरताच मानावा.

दुकानात

सांगितलेली किंमत १८ टक्के जीएसटीसह आहे की त्याविना, हे प्रथम विचारावे. 'बिल नको असेल तर थोडे कमी करतो' हा प्रस्ताव नम्रपणे नाकारावा. वॉरंटी मागताना बिलच मागितले जाते. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि तो खोक्यावरील व वस्तूवरील क्रमांकाशी तेथेच ताडून पाहावा. सीलबंद खोक्याविना 'ट्रे'मधील प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्याची वॉरंटी कंपनी थेट देत नाही, विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागते. एएम४ चा मदरबोर्ड असल्यास त्याचे बायोस नव्या प्रोसेसरला ओळखते का, हे दुकानदाराकडूनच तपासून घ्यावे. बायोस जुने असेल, तर घरी आल्यावर संगणक सुरूच होत नाही आणि सर्व भाग चांगले असूनही दोष कोठे आहे ते कळत नाही.

विंडोजच्या परवान्याचे पैसेही हिशेबात धरावेत. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने विंडोज ११ च लागणार. लिनक्सवर आता पुष्कळ खेळ चालतात, पण व्हॅलोरंट चालत नाही. आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला 'टीपीएम' आणि 'सिक्युअर बूट' या दोन्ही सोयी चालू असाव्या लागतात. नव्या मदरबोर्डमध्ये त्या असतात, बायोसमध्ये जाऊन चालू केल्या की झाले.

जुळणी करताना

दुकानदार थोड्या मोबदल्यात जुळणी करून देतो. परंतु निवांत दुपार हाताशी असेल, तर ती घरीच करावी. लागतो तो एक चांगला स्क्रू ड्रायव्हर आणि संयम. सतरंजीवर किंवा गालिच्यावर बसू नये. लाकडी टेबल घ्यावे, आणि प्रत्येक भागाला हात लावण्यापूर्वी एखाद्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थितिक विद्युत जाऊ द्यावी. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील लहान त्रिकोण बैठकीवरील त्रिकोणाशी जुळवून तो केवळ ठेवायचा असतो, दाबायचा नसतो. कूलरच्या तळाशी प्लॅस्टिकचे पारदर्शक आवरण असल्यास ते काढावे. हे वाचून हसू येईल, पण ते तसेच ठेवून संगणक तापतो अशी तक्रार करणारे कमी नाहीत. मेमरीच्या दोन पट्ट्या चार खाचांपैकी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात.

प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची तार आणि ग्राफिक्स कार्डाला वीज देणारी आठ पिनांची तार दिसावयास सारख्या असतात, पण त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. त्यांवर नावे लिहिलेली असतात, ती वाचावीत. एसएमपीएसच्या तारा सुट्या करता येत असतील, तर जुन्या एसएमपीएसच्या तारा नव्याला कधीही लावू नयेत. टोक बसते, पण आतील जोडणी वेगळी असू शकते आणि पहिल्याच वेळी एसएसडी जळते.

सर्व झाल्यावर मॉनिटरची तार मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला जोडावी. बायोसमध्ये 'एक्सएमपी' (एएम५ वर 'एक्स्पो') चालू करावे, अन्यथा ३२०० च्या वेगाची मेमरी २१३३ किंवा २४०० वरच रेंगाळते. विंडोजमध्ये मॉनिटरचा वेग साठवरून १४४ वर आणावा, तो बहुधा आपोआप बदलत नाही. दिलेल्या पैशांतील बराच भाग केवळ या तीन गोष्टी न केल्याने अनेकांच्या घरी वाया जातो.

मग तासभर एखादा जड खेळ चालवावा आणि तापमान पाहावे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच तापलेली असते, तेथे समोरून हवा आत घेणारे, जाळीचे कॅबिनेट काचेच्या बंद कॅबिनेटपेक्षा कितीतरी बरे. मुंबईत उष्णतेपेक्षा धुळीचा आणि दमट हवेचा त्रास अधिक. पेटी जमिनीवर न ठेवता वीतभर उंचीवर ठेवावी आणि तीन-चार महिन्यांनी ब्रशने साफ करावी, पंखा बोटाने धरून. सुट्या भागांची खोकी माळ्यावर ठेवावीत. त्यांवरील अनुक्रमांकाची चिठ्ठी तीन वर्षांनी सेवा केंद्रात मागितली जाते.